वाफेला वाट

फिटरमामा सगळ्या जगाचा मामा कधी झाला, हे कुणालाच नीट सांगता येत नसे. आधी बहिणीची पोरं मामा म्हणायची, मग बहिणीच्या लाँड्रीतल्या बायका म्हणू लागल्या, मग गिऱ्हाइकंही. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. थोरल्या ताईनेच त्याला वाढवलं, आणि ताईच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी, ओळखीच्या वर्कशॉपात चिकटवून दिलं. ते उपकार मामा विसरला नव्हता. त्यामुळे बाहेर गिऱ्हाइकाला फाडकन नाही म्हणणारा हा माणूस भाऊजींसमोर निम्मं बोलून निम्मं गिळायचा.

लाँड्री इस्पितळाच्या मागच्या गल्लीत होती. पुढे इस्त्रीची टेबलं, मध्ये धुण्याची यंत्रं आणि मागे पत्र्याखाली कपाटाएवढा, कमी दाबाचा वाफेचा बॉयलर. त्याच्या डोक्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह. आतला दाब ठरलेल्या रेघेपर्यंत चढला की हा व्हॉल्व्ह आपणहून उघडायचा, जादा वाफ सोडून द्यायचा आणि दाब उतरला की मिटायचा. बॉयलर सांभाळणारा डुलकी काढो की गप्पा मारो, याला डुलकी चालत नाही.

काम वाढलं म्हणून भाऊजींनी बॉयलरखालचा गॅसचा बर्नर काढून मोठा बसवला होता. तेव्हा मामा दुसऱ्या गावी कामावर होता. पुढे जुना व्हॉल्व्ह गळायला लागला. भाऊजींनी बाजारातून नवा आणला, पितळेचा, लखलखीत, आणि मामाला बोलावणं पाठवलं.

मामाने व्हॉल्व्ह हातात घेऊन फिरवून पाहिला. आटे जुळत होते. उघडायचा दाबही बरोबर होता. पण व्हॉल्व्हवरच्या पट्टीवर, तासाला किती वाफ बाहेर टाकता येते, तो आकडा कोरला होता, तिथे मामाचा अंगठा थांबला. नवा बर्नर त्याहून बरीच जास्त वाफ करत होता.

"भाऊजी, हा नाही चालायचा."

"बसतोय ना?"

"बसतोय. पण दार अरुंद आहे आणि आतली गर्दी मोठी आहे. उघडला तरी दाब चढतच राहील."

भाऊजी वाईट माणूस नव्हते, पण त्या सकाळी त्यांच्या डोक्यावर इस्पितळाच्या ओल्या चादरींचा डोंगर होता. ते म्हणाले, दुकानदार काय वेडा आहे? आणि जादा दाब चढला की ज्योत बारीक करणारी आपोआपची कळ आहेच की बर्नरला. मामाने सांगितलं, ती कळ बिघडेल त्याच दिवसासाठी तर व्हॉल्व्ह असतो. भाऊजींना ते पटेना. शेवटी मामाच म्हणाला, हातच्या काकणाला आरसा कशाला, बसवू आणि सगळ्यांसमक्ष पारखू. हे बोलल्याचा पुढे त्याला कितीतरी दिवस पश्चात्ताप होत राहिला.

त्याने व्हॉल्व्ह बसवला. इस्त्रीकडे जाणारी वाफ बंद केली, आपोआपची कळ काढून ठेवली आणि बर्नरजवळचा गॅसचा कॉक फिरवून पाहिला. थंड होता तेव्हा लोण्यासारखा फिरला. बायकांना गल्लीत उभं केलं. ताई मागच्या दारात थांबली, हलायला तयार होईना. भाऊजी तर मामाच्या खांद्याशीच उभे.

ज्योत पेटली. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा हळूहळू उठला. पत्रा तापून कडकड वाजू लागला. काटा रेघेला टेकला आणि व्हॉल्व्ह असा काही गर्जला की भाऊजी दोन पावलं मागे सरले. वाफेचा पांढरा लोट पाइपातून अंगणात सुटला. भाऊजींचा चेहरा जरा उजळला. बघ, उघडला.

मामा व्हॉल्व्हकडे बघतच नव्हता. काटा रेघ ओलांडून पुढे सरकत होता.

त्याने कॉक फिरवला. अर्धा फिरला आणि आवळून बसला, गरम होऊन जाम. मामाने पाना अडकवून जोर लावला. पाना निसटून त्याची बोटं भिंतीवर आपटली. ज्योत बारीक झाली होती, विझली नव्हती, आणि काटा अजून चढत होता. इस्त्रीकडची वाफेची वाट एकदम उघडावी तर पाणी उसळून पाइपातून धडकेल, हे त्याला ठाऊक होतं.

"ताई, सिलिंडरचा मोठा कॉक!"

ताई धावली. गॅसचे सिलिंडर अंगणाच्या पार टोकाला, वाफेच्या लोटाच्या पलीकडे होते. ती पदर तोंडावर धरून त्या पांढऱ्या लोटात शिरली आणि दिसेनाशी झाली. मामाने भाऊजींना बाहेर ढकललं. भाऊजी गेले नाहीत. दोघंही पान्याला लोंबकळले, आणि गर्जनेत एकमेकांचा श्वाससुद्धा ऐकू येईना.

मग ज्योत खाली बसली, फडफडली, गेली.

काटा जागीच थांबला. बराच वेळ तो तसाच राहिला, निदान मामाला बराच वाटला, आणि मग मागे फिरला. व्हॉल्व्ह मिटला तेव्हा अंगणातून ताईच्या खोकल्याचा आवाज आला. तिच्या हाताची कातडी मनगटापाशी लाल झाली होती. भाऊजींनी तिला नळापाशी नेलं आणि पाण्याची धार तिच्या हातावर धरून उभे राहिले.

त्या दिवशी चादरी गेल्या नाहीत. इस्पितळातून मोठ्या सिस्टरचा फोन आला. त्या बोलत राहिल्या, भाऊजी ऐकत राहिले. दुकानदाराचं नाव घेतलं नाही, मेहुण्याचंही नाही. एवढंच म्हणाले, "चूक माझी आहे. बॉयलर सुरक्षित झाल्याशिवाय पेटवणार नाही."

नवा व्हॉल्व्ह निवडायला दोघं बरोबर गेले. मामाने आधी बर्नरचा जोर विचारात घेतला, मग व्हॉल्व्हची ताकद पाहिली आणि आटे सगळ्यात शेवटी. दुकानदाराने गरम पाण्याचा व्हॉल्व्ह पुढे केला, तोही त्याने परत सारला. वाफेला वाफेचाच लागतो. हा मोठा व्हॉल्व्ह बॉयलरच्या जुन्या तोंडात मावेना, म्हणून बाजूचं मोठं तोंड मोकळं केलं. व्हॉल्व्ह सरळ उभा, थेट बॉयलरवर. मध्ये कॉक नाही, अडथळा नाही. पाइप व्हॉल्व्हच्या तोंडाहून बारीक नको म्हणून जाड घेतला आणि त्याचा भार व्हॉल्व्हवर येऊ नये म्हणून भिंतीला कड्या ठोकल्या. वाफ आता गल्लीकडे नाही, सिलिंडरकडेही नाही, कुणी फिरकत नाही अशा कोपऱ्यात जमिनीलगत सुटणार होती. गॅसचा कॉकही बदलला, तापल्यावर फिरतो का ते पाहून.

पुन्हा पारखायची वेळ आली. या वेळी भाऊजींनीच सगळ्यांना बाहेर काढलं आणि स्वतः सिलिंडरच्या कॉकवर हात ठेवून उभे राहिले. काटा चढला. व्हॉल्व्ह गर्जला. काटा रेघेच्या जरासा पुढे गेला, थरथरला आणि तिथेच अडला. बर्नर पूर्ण जोरात जळत होता, वाफ पूर्ण जोरात बाहेर पडत होती, आणि काटा हलेना.

मामाने गॅस बंद केला आणि उंबऱ्यावर बसला. पाना खाली ठेवायचा होता, पण बोटं सुटेनात. ताई आली, पट्टी बांधलेल्या हाताने तिने त्याचं एकेक बोट मोकळं केलं आणि शेजारी टेकली. पुढच्या खोलीत कुणीतरी पहिली चादर टेबलावर पसरत होतं.