कंसाबाहेरचा घात

भोईर मॅडम मुलांना मारत नसत, फळ्याला मारत. लाकडी पट्टी अशी आपटायच्या की फळ्याचा एक कोपरा उडाला होता. नवीन पनवेलमधल्या त्यांच्या बैठ्या घरावर एक मजला चढवलेला होता आणि खालच्या खोलीत क्लास भरायचा. शेजारच्या काकू सुरुवातीला एकदा धावत आल्या होत्या, कुणाला चोपताय म्हणून. मॅडम म्हणाल्या, "पोराला मारलं की त्याला हात लक्षात राहतो, गणित नाही. फळा कोडगा आहे, त्याला चालतं."

मी आठवीत त्यांच्याकडे बीजगणित शिकायला जाऊ लागले. घातांक सुरू झाले आणि पट्टीचा आवाज वाढला. (2x³)² ला सोपं रूप द्यायचं होतं. मी लिहिलं, 2x⁶.

"दोनाला का सोडलंस? मामा लागतो तुझा?" पट्टी कडाडली. "कंसाबाहेरचा घात आतल्या प्रत्येकाच्या डोक्यावर बसतो. दोनाचे चार झालेच पाहिजेत."

x³ गुणिले x² चं उत्तर कुणी x⁶ लिहिलं, तर मात्र त्या शांत व्हायच्या. शेजारी बसून म्हणायच्या, "उघडून लिही. तीन एक्स, पुढे दोन एक्स. किती झाले? पाच. नियम विसरलास तर विसर, पण आत काय भरलंय ते बघायला विसरू नकोस." फारच चिडल्या की त्यांची जासईकडची गावची बोली बाहेर यायची. "आदी पाया बग गो. पाया येगला, मंग घात कसे मिलवतंस?"

आमच्यात सगळ्यात हुशार सुजाता. वडील नव्हते. थोरला भाऊ दीपक कंटेनरच्या यार्डात ट्रेलर चालवायचा आणि घर त्याच्या धाकात असायचं. एका दुपारी सुजाता आली ती फाटलेला ओठ आणि सुजलेला जबडा घेऊन.

"घरात पडले," ती म्हणाली.

"पडल्यावर गालावर बोटं उमटत नाहीत गं," मॅडम म्हणाल्या.

मग तिने सांगितलं. क्लासमधल्या एका मुलाने घरच्या फोनवर मेसेज केला होता, 'घातांकाचं शेवटचं उदाहरण सुटत नाही, सांग ना.' दीपकने तेवढं वाचलं, तिच्या थोबाडीत मारली आणि मग पट्टा काढला. आई भिंतीला लागून उभी होती. मॅडमनी त्या दिवशी फळ्याला हात लावला नाही. बर्फ आणला, सुजाताच्या गालावर धरला आणि तिच्या आईला फोन केला, "ती आज माझ्याकडेच राहील."

तासाभरात दीपक आला. दोन मित्र बाहेर बाइकवर थांबले. तो बुटांसकट सतरंजीवर चढला आणि त्याने सुजाताची वेणी हाताला गुंडाळून तिला ओढलं. आम्ही सगळे भिंतीकडे सरकलो. मॅडम मध्ये उभ्या राहिल्या.

"केस सोड तिचे."

"आमच्या घरातली गोष्ट हाय. बाजूला व्हा."

"आनि ह्ये माजं घर हाय."

त्याने हेल्मेट फिरवलं. ते मॅडमच्या डाव्या कानावर बसलं. त्या कोसळल्या, तेव्हा दुसरा फटका खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळकी फांदी मोडावी तसा. तो सुजाताला फरफटत नेऊ लागला. तिच्या केसांच्या मुळांतून रक्त येत होतं. मॅडम गुडघ्यांवर सरकल्या. फळ्यावर वर्तुळ काढायचं मोठं लाकडी कर्कटक खाली पडलेलं होतं. ते उचलून त्यांनी त्याचं लोखंडी टोक दीपकच्या हातात, कोपराच्या खाली खुपसलं आणि तसंच दाबून धरलं. तो ओरडला, शिव्या दिल्या, त्यांच्या पोटात लाथ घातली. त्या सोडेनात. शेवटी त्याच्या मुठीतून वेणी सुटली आणि सुजाता रांगत माझ्या मागे आली. आमच्या वह्यांवर रक्ताचे शिंतोडे उडाले होते. शेजारी जमले तसे मित्र त्याला उचलून घेऊन गेले.

मॅडमनी इस्पितळातूनच पोलिसांत तक्रार दिली. दीपकनेही उलट तक्रार केली. गावातली मोठी माणसं इस्पितळात आली. "पोर आपल्यातलाच हाय, मॅडम. मिटवून टाका."

"पुसून टाकायला तो फळा नाय," मॅडम म्हणाल्या.

पुढे खिडक्यांवर दगड आले. एक काच फुटली, मग दुसरी. बऱ्याच पालकांनी मुलं काढून घेतली. माझे बाबा मात्र मला सोडायला येऊ लागले आणि क्लास सुटेपर्यंत बाहेर उभे राहायचे. सुजाताची आई एकदा आली, कपड्यांची पिशवी दारात ठेवून गेली. सुजाता वरच्या मजल्यावर राहू लागली. कोर्टात तिने भावासमोर उभं राहून सगळं सांगितलं. त्याला कैद झाली. मॅडमवरची तक्रार टिकली नाही.

डाव्या कानाने त्यांना पुन्हा ऐकू आलं नाही. हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून फळाच खाली उतरवून घेतला. एकदा मी विचारलं, "त्याला भोसकल्याचं वाईट वाटतं का?"

"वाटतं. हाडाला टोक लागल्याचं हाताला अजून आठवतं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा मारीन. दोन्ही खरं आहे."

पुढे खूप वर्षांनी, मॅडम वारल्या त्याच्या थोडं आधी, मी त्यांना भेटायला गेले होते. सुजाता तोवर गणिताची शिक्षिका झाली होती. वरच्या मजल्यावर ती क्लास घेत होती. तेवढ्यात दीपक आला. केस पिकलेले, अंग ओसरलेलं. हात जोडून म्हणाला, "मॅडम, माफ करा."

"मला मारलंस ते मी कधीच सोडून दिलं," मॅडम म्हणाल्या. "तिचं मी कसं सोडू? तिलाच विचार."

त्याने जिन्यात उभं राहून हाक मारली. सुजाता दोन पायऱ्या उतरली. "मुलं बसलीत," म्हणाली आणि वर गेली.

"मिळालं उत्तर," मॅडम म्हणाल्या. "आता जा."

तो गेला. मी पाणी आणायला उठले, तर मॅडमनी माझं मनगट पकडलं. त्यांचा तळवा घामाने भिजला होता. इतकी वर्षं त्या त्याला घाबरत होत्या, हे मला तेव्हा कळलं.