दुखायची थांबलेली दाढ

बायको गेली त्यानंतरच्या हिवाळ्यात माझी वरची दाढ ठणकायला लागली. मी कोणाला सांगितलं नाही. चहा निववून प्यायचो आणि शाळेत जाऊन फळ्यावर गणितं लिहायचो. दुखतंय हे कळायचं, पण शेजारच्या घरातलं भांडण कानावर यावं तसं. मग दाढ आपोआप दुखायची थांबली. बरी झाली असं समजून मी विषय सोडून दिला.

संक्रांतीला सुलतानपूरहून मोठी बहीण आली. माझं घर आवरायला ती अधूनमधून यायची. दारातच थबकली.

“काऊन बे, गाल सुजला तुया?”

“दाढ होती. आता दुखत नाही.”

“मंग सूज कायची?”

तिनं मला बुलढाण्याला दातांच्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर मात्र बजावत होती, “ते रूट कॅनल करू नको. जीव जाते म्हन्तात दुखून. अन् वरच्या दाढेले हात लावला तं नजर जाते.”

डॉक्टर तरुण मुलगी होती. एक्स-रे दाखवत म्हणाली, “काका, दाढ बरी नाही झाली. आतली नस मेली म्हणून दुखणं थांबलं. पू मुळाशी साचलाय. दाढ वाचेल, पण आतून साफ करावी लागेल. रूट कॅनल म्हणजे तेच.”

“डोयाले काई होईन का?” ताईनं विचारलं.

“नाही मावशी. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी.”

“अन् दुखनं?”

“जे दुखायचं ते यांनी घरीच सोसलं. इथं मी आधी जागा बधिर करते.”

गोळ्यांनी सूज उतरली, मग काम सुरू झालं. सुई टोचली तेवढं कळलं. गाल जड झाला, मशीनचा बारीक आवाज डोक्यात घुमत राहिला. दुखलं तर हात वर करा, असं तिनं सांगितलं होतं. माझा हात मांडीवरच राहिला.

बाहेर ताई माझी किंकाळी ऐकायची तयारी करून बसली होती.

“दुखलं नाही,” मी म्हणालो.

“खोटं नको बोलू. बायको गेली तवापासून हेच म्हनून राह्यला तू.”

मी बिल भरायला खिडकीकडे वळलो.

दाढेवर कॅप बसवायच्या दिवशी ती पुन्हा सोबत आली. माझं झाल्यावर डॉक्टरला हळूच म्हणाली, “माई बी एक दाढ पाहा.” कितीतरी वर्षं ती त्या दाढेत लवंग धरून होती. शिवणकाम करते, नजर गेली तर काय, या भीतीनं तिनं दाढ कोणाला दाखवलीच नव्हती. खुर्चीत बसल्यावर तिनं माझं मनगट घट्ट पकडलं. इंजेक्शननं बधिर झाल्यावर पकड सैल झाली. थोड्या वेळानं तर ती चक्क पेंगायला लागली.

नंतर बसस्टँडवर आम्ही गाडीची वाट बघत होतो. तिचा ओठ अजून जड होता. ती काहीतरी पुटपुटली, मला कळलं नाही.

“काय?”

तिनं ओठ बोटानं सावरून पुन्हा विचारलं, “तिची आठवन येते का बे?”

“हो,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली. गाडी लागली, मी तिची पिशवी वर चढवून दिली.