दोराच्या खालच्या टोकाला

एकनाथकाका सबनीस सत्तरच्या दशकात अमेरिकेत एडिसनला आले आणि तिथलेच झाले. त्यांचं बेसमेंट सहसा रिकामं नसे. पुण्याहून, नागपूरहून नवीन आलेल्यांना काका विमानतळावरून घेऊन यायचे, गाडी शिकवायचे, पहिल्या थंडीचा कोट घेऊन द्यायचे. दुसऱ्याकडून काही करून घेणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. पत्नी गेल्यावर ते मुलगा विनय आणि सून आसावरीकडे राहायला आले, तरी आपले कपडे आपणच इस्त्री करत.

आसावरीला ऑफिसातल्या मैत्रिणीमुळे एक नाद लागला होता, गोठलेले धबधबे चढायचा. २००५च्या फेब्रुवारीत ती सगळ्यांना कॅट्सकिलच्या डोंगरात घेऊन गेली. काका थर्मास सांभाळायला म्हणून निघाले होते. पण नात अंतरा सरसर वर जाऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, युवर टर्न." तिला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं.

बुटांना लोखंडी काटे बांधले, हातांत बर्फात रुतवायच्या दोन कुऱ्हाडी दिल्या. काकांच्या कमरेचा दोर वरच्या कडीतून खाली येऊन आसावरीच्या कमरेशी पोचत होता.

"अगं, माझं वजन तुझ्यापेक्षा किती जास्त."

"म्हणून तर मला मागच्या झाडाला बांधलंय. तुम्ही वर बघा, बाबा."

अर्ध्या वाटेवर पायाखालचा बर्फ फुटला. काका सुटले आणि हातभर खाली येऊन थांबले. कुऱ्हाडी मनगटांच्या पट्ट्यांना लोंबत होत्या.

"धरलंय मी," खालून आसावरीचा आवाज आला. "खाली घेऊ, की थांबायचंय थोडं?"

"तुला जड होईल."

"होऊ दे. तुम्ही सांगा."

काकांनी खाली तिच्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "थांबतो जरा."

त्यांनी दोर आवळलेल्या मुठी सोडल्या आणि सगळा भार दोरावर टाकला. बर्फाच्या आत पाणी वाहत असल्याचा बारीक आवाज येत होता. खाली विनय हात हलवत होता, अंतरा चकली खात होती. काकांना आठवलं, हॉस्पिटलमध्ये आसावरी रोज कामावर जाण्याआधी सासूची वेणी घालायला यायची. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं.

आणखी थोडं चढून ते उतरले, तेव्हा तिची पँट गुडघ्यावर फाटलेली दिसली. त्यांच्या घसरण्याचा हिसका बसून ती खडकावर आपटली होती, पण दोर सुटू दिला नव्हता.

"आसावरी," काका म्हणाले, "तुझ्या सासूचं तू फार केलंस गं. माझंही करतेस. मी कधी बोललो नाही."

ती गाठ सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "आज बोललात की, बाबा." आणि ती गाठ तिला बराच वेळ सुटेना.

पुढचे तीन हिवाळे ते सगळे तिथे जात राहिले. एका वर्षी काकांनी टोकही गाठलं. पण भारतात फोन करताना ते टोकाचं फारसं सांगत नसत. "आमच्या सुनेनं धरून ठेवलं होतं," असं म्हणत, आणि मग तिच्याबद्दलच बोलत राहत.