उतरायचं कसं?

साताऱ्यातल्या सिग्नलला मी पडले. वेगात नाही, उभ्या उभ्या. सिग्नल लाल झाला, सायकल थांबली आणि पाय पायडलातून सुटलाच नाही. पोतं कलंडावं तशी मी डांबरावर कलंडले. कोपर फुटलं. सायकल अंगावर. मागं सगळा सायकल क्लब उभा.

क्लबचे अध्यक्ष पुढं होते. मोठे बांधकामवाले, सगळे त्यांना साहेब म्हणत. त्यांनी मागं वळून बघितलं, गॉगल कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "कोट्यातनं सगळं मिळतं गं, बॅलन्स मिळत नाही."

हसले. सगळे हसले. त्यात डॉक्टर होते, वकील होते, कॉलेजातल्या मॅडम होत्या. सायकल कुणी उचलली नाही.

मीही हसले. त्या हसण्याचीच मला सगळ्यात जास्त चीड आहे.

मी सरकारी दवाखान्यात नर्स. जत तालुक्यातल्या खेड्यातली. बौद्ध. क्लबात मी जात कधी सांगितली नव्हती. आडनावानं सांगितली.

पायात सायकलचे खास बूट होते, त्यांचं सांगते. तळाला एक पट्टी असते. ती पायडलात खट्‌कन बसते, मग पाय आणि सायकल एक. चढाला जोर वाया जात नाही. सुटायचं तर टाच बाहेर फिरवायची. एवढंच. पण घाबरलं की मी पाय वर ओढायची. आणि वर ओढलेला पाय सुटत नाही.

माझं पडणं कुणीतरी मोबाईलवर घेतलं होतं. ते ग्रुपवर फिरलं. पुढच्या रविवारी मी साधे बूट, साधी पायडलं लावून गेले. साहेब म्हणाले, "हां, हे बरं. झेपेल तेच करावं माणसानं."

रजा टाकली. सायकलला ती अडकणारी पायडलं परत लावली, एसटीच्या टपावर चढवली आणि गावी आले.

आबांनी, माझ्या वडलांनी, कोपराची खपली बघितली. "पडलीस व्हय?"

मी बूट दाखवले. पाय कसा अडकतो ते दाखवलं. त्यांनी बूट हातात घेऊन तळ चाचपला. मला वाटलं विचारतील, लय लागलं का. त्यांनी विचारलं,

"आन् म्होरनं कोन मोटं मानूस आलं म्हंजी? उतरायचं कसं?"

मला कळेचना. मग ते बोलायला लागले. माझ्याकडं न बघता.

ते जतला गवंड्याच्या हाताखाली जायचे, सायकलवरून. वाट वरच्या आळीतनं. तिथं आमच्या माणसानं सायकलवरून उतरायचं. आळी संपेपर्यंत हातात धरून चालायचं. कायद्यात कुठं नव्हतं. गावात होतं. मी लहान असताना एकदा मला ताप भरला. दांडीवर बसवून ते दवाखान्याकडं निघाले. त्या दिवशी उतरले नाहीत. कुणीतरी चाकात काठी घातली.

माझ्या हनुवटीवर टाक्यांची खूण आहे. उंबऱ्यावर पडलीस, असं मला घरात सांगत आले होते.

"तुला घिऊन पडलो," आबा म्हणाले. "वरनं इचारलं त्येनी, आता कळलं का कुटं उतरायचं? मी व्हय म्हनलो. तवापास्नं कवा चढून गेलो न्हाई तितनं."

आई चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही. तिला सगळं माहीत होतं.

त्याच दिवसामुळं माझा पाय सिग्नलला गोठला, असं मी म्हणणार नाही. एवढं सोपं नसतं. पण ही भीती मी रस्त्यावर शिकले नव्हते. ती मला घरातच मिळाली होती, भाकरीबरोबर.

सकाळी सायकल घेऊन माळावर गेले. आबा मागनं आले.

"धरू का मागनं?"

"नको आबा. बघा नुसतं."

मी बूट अडकवले, थोडी गेले, ब्रेक दाबला आणि मुद्दाम पडले. मुरूम तळहातात रुतला. उठले. दुसऱ्या अंगावर पडले. मला बघायचंच होतं, पडणं म्हणजे नेमकं असतं किती. आबा ओरडले, "आगं, पुरं की!" त्यांच्याच्यानं बघवेना. पाठ फिरवून बसले.

पडणं एवढंच असतं. खरचटणं, धूळ, आणि परत उठणं. बाकीचं सगळं बघणाऱ्यांनी घातलेलं असतं.

ते अंगात भिनलं तशी टाच फिरायला लागली. चाक फिरतंय तोवरच पाय मोकळा करायचा, मग थांबायचं. खट्. पाय जमिनीवर. पुन्हा. खट्. उन्हं डोक्यावर आली तोवर पाय माझं ऐकत होता.

रविवारी क्लबाबरोबर निघाले. तोच सिग्नल. टाच फिरवली, पाय टेकला, साहेबांच्या शेजारी उभी राहिले.

"अरे वा," ते म्हणाले. "शिकल्या की ताई."

"साहेब, त्या दिवशी कोट्याचं बोललात ते आता परत बोला. सगळ्यांसमोर."

"गंमत केली गं. मनाला लावून घेऊ नकोस."

"गंमत असंल तर बोला की परत."

कुणी हसलं नाही. डॉक्टर हँडलकडं बघत राहिले. मॅडमनी बाटली तोंडाला लावली. सिग्नल हिरवा झाला. साहेब हललेच नाहीत. मी बूट अडकवले आणि यवतेश्वरच्या घाटाला लागले. एकटी.

दुपारी बघितलं तर मला ग्रुपमधून काढलं होतं. डॉक्टरांनी वेगळा मेसेज केला होता. तुमचं बरोबर होतं, पण वेळ चुकली, म्हणे.

आबांना फोन केला. झालेलं सांगितलं. ते म्हणाले, "कशाला तोंडी लागलीस? नोकरी हाय तुजी. बदली करत्याली कुटं तरी."

करू देत. आबांची भीती मला काढता येणार नाही. तिची मुळं लय खोल गेलीत. पण माझ्या वाट्याला आलेली मी इथंच संपवणार आहे. ती पुढं माझ्या लेकराबाळांच्या हातात जाणार नाही. दर रविवारी मी घाट चढते. ज्याला आडवं यायचं त्यानं यावं. तोंडावर यावं. नाव घेऊन यावं.