रामलिंग सरांची फिरती ढाल

लातूरच्या रामलिंग सरांनी आयुष्यात एकही प्रश्न पुरता वाचला नाही, आणि तरी त्यांचा क्लास वीस-बावीस वर्षं चालला. "प्रश्न काय वाचत बसता? पर्याय बघा, दोन उडवा, उरलेल्यातला जो लांबडा दिसतो त्याचा गोळा रंगवा," हा त्यांचा गुरुमंत्र. पोरं पास व्हायची. जी नापास झाली ती सांगायला कशाला येतील?

क्लास बंद पडला तसा सरांनी हा उद्योग घरात आणला. दर सतरा सप्टेंबरला झेंडावंदन उरकलं की धर्माबादचे साडू भागवतराव अख्खं बिऱ्हाड घेऊन जेवायला यायचे, आणि ताटं वाढायच्या आधी सामान्य ज्ञानाची स्पर्धा व्हायची. उपाशीपोटी मेंदू चालतो, असं सरांचं म्हणणं. जेवल्यावर कुणी थांबणार नाही म्हणून, असं त्यांच्या बायकोचं, राजश्रीबाईंचं म्हणणं. जिंकेल त्या घराला फिरती ढाल. ढालीवर 'संकल्पना, मार्गदर्शन व सौजन्य' आणि त्याखाली ठसठशीत सरांचं नाव. विजेत्याला खाली करंगळीएवढी जागा.

मागच्या वर्षी भागवतरावांची सून तनुजा, देगलूरची लेक, ती ढाल धर्माबादला घेऊन गेली. भागवतरावांनी ती बियाण्यांच्या दुकानात गल्ल्यामागं टांगली. गिऱ्हाईक वरचं नाव वाचून विचारायचं, "हे कोण हो?"

"हरलेले," भागवतराव सांगायचे.

हे लातूरला कळलं आणि सरांचा घास गोड लागेना. यंदा ढाल घरी आली पाहिजे म्हणजे आलीच पाहिजे. मग अभ्यास करावा की नाही? छे! सरांनी पेपर स्वतः काढला आणि स्वतःच्या पोराला फोडला. पोरगा म्हणजे सोमेश, पतसंस्थेत नोकरीला, लग्नाला आलेला गडी. त्यालाही प्रश्न दाखवले नाहीत. 'क, ड, अ, अ, ब' अशी नुसती उत्तरांची माळ महिनाभर जपायला लावली. सोमेश दाढी करताना ती जपायचा, गाडीला किक मारताना जपायचा.

"बाबा, प्रश्न तरी सांगा की."

"कशाला? उगा डोक्यात गर्दी!"

घोळ एकच होता. आदल्या वर्षीच्या विजेत्यानं यंदा पेपर वाचायचा, हा नियम सरांचाच. आपल्याच घरात विजेता निघणार या खात्रीनं त्यांनी तो केला होता.

तनुजानं कागद हातात घेतला. "पहिला प्रश्न सोमेशभावजींना. नांदेड कोणत्या नदीच्या काठी आहे?"

"क."

"आँ? पर्याय तर मी सांगितलेच न्हाईत अजून."

"मग सांग ना!" सर खेकसले.

"कशाला काका? घरच्या घरी काय गोळे रंगवायचेत?"

भागवतराव मांडी बदलून पुढं सरकले. "काय रे सोमेश, नांदेडात कॉलेज केलंस. घाटावर बसून भजी हाणलीस. तिथं काय वाहत होतं, क?"

"थांबा मामंजी, दुसरा सोपा हाय. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन कधी असतो?"

सकाळचा कागदी झेंडा सोमेशच्या खिशाला अजून टाचलेला होता. त्यानं बापाकडं पाहिलं. मांडीवर बापाची चार बोटं हलली.

"ड," सोमेश म्हणाला.

स्वयंपाकघरात राजश्रीबाईंच्या हातातला डाव खाली पडला. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

सर ताडकन उठले आणि बोर्डाच्या अध्यक्षाच्या थाटात म्हणाले, "पेपर फुटलेला आहे! परीक्षा रद्द!"

"हाव का? कुणी फोडला?" भागवतरावांनी विचारलं.

"चौकशी होईल."

"करा की निवांत. पण परीक्षा रद्द म्हणजे जुना निकाल कायम. तनुजा, ढाल गाडीतच ठेव, उतरवू नको."

आपल्याच तोंडानं आपण ढाल परत धर्माबादला धाडली, हे उमजायलाही सरांना वेळ लागला. समोर चार पर्याय नव्हते ना. मग त्यांना एक युक्ती सुचली. "पुढच्या वर्षीपासून नियम बदलला," ते गरजले. "जो हरेल त्यानंच पेपर वाचायचा!"

"बेस!" भागवतराव पाटावर बसत म्हणाले. "म्हणजे आता जन्मभर तुम्हीच वाचा."