पहिल्याच खुणेवर घंटी

बेबाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी दचकायला नको.

१९५६ साली मी पारोळ्याच्या मुलींच्या शाळेत शिकवायला गेले. चोवीस वर्षांची, पुण्याची बी. ए., तर्कशास्त्र घेतलेली, आणि आपल्याला सगळं कळतं अशी पक्की समजूत असलेली. ती समजूत बेबाबाईनं पहिल्याच आठवड्यात उतरवली. शाळेमागच्या गल्लीत ती राहायची. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी शेतात, आणि एरवी उंबऱ्यात बसून हातानं पोलकी शिवायची. मी पोलकं घ्यायला गेले, तर तिनं ते मांडीखाली दाबून धरलं.

"बाई, आधी आन्हा सोडवा. मग पोलकं."

आन्हा म्हणजे कोडं. माझ्याशी बोलताना ती शहरी मराठी बोलायला बघायची, पण आन्हा तो आन्हाच.

"एक डोळा, तोही आंधळा. शेपटी लावल्याशिवाय चालत नाही. आणि जाईल तिथलं फाटकं सांधते."

मी विचार केला आणि ठसक्यात म्हटलं, "मुंगूस."

बेबाबाई इतकी हसली की तिची सहा वर्षांची मंदा आतून बघायला आली. "मुंगूस कुठे सांधतं वं माय! सुई, बाई, सुई! तुमच्या कॉलेजात कोणी शिवत नव्हतं का?"

त्या दिवसापासून मी रोज तिच्याकडे जायला लागले. निमित्त पोलक्याचं, खरं कारण आन्हे. तिला कोणतंही कोडं घाला, डोळे बारीक करून ती सुटं सुटं बोलायची. "घरातलं शे का शेतातलं? आभाळातलं का पोथीतलं?" तिच्या हिशेबी जगात या चारच जागा. उत्तर कुठल्या जागी बसलंय ते आधी ठरवायचं आणि बाकीची तीन दारं लावून टाकायची. यालाच वर्गीकरण म्हणतात आणि मी ते दोन वर्षं फी भरून शिकले होते.

घरात तिची सासू धुरपदाबाई. बारीक, ताठ, तोंडानं तिखट. आणि नवरा? तो सहा वर्षांपूर्वी सुरतेला गिरणीत गेला होता. मंदा तेव्हा पाळण्यात. दोन पत्रं आली, मग काहीच नाही. धुरपदाबाईनं एक दिवस जाहीर केलं की आता या घरात त्याचं नाव निघणार नाही. पोटच्या पोराचा असा राग, की ती स्वतःही त्याला "तो" म्हणायची. बेबाबाईचा प्रश्नच नव्हता. तिकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणत. नवरा जिथे असेल तिथे जिवंत असावा, एवढंच तिच्या हातात उरलं होतं, म्हणून ती हा नेम इतरांपेक्षा जास्तच कडक पाळायची. "मंदाना बाप" म्हणायची, बस.

पुढच्या वर्षी वाचनालयाचा वर्धापनदिन आला. चिटणीस तोताराम नाना हौशी माणूस. त्यांनी जोड्यांची स्पर्धा काढली. प्रत्येक उत्तराच्या पाच खुणा, अवघडाकडून सोप्याकडे. पहिल्या खुणेवर ओळखलं तर पाच गुण, पाचव्यावर ओळखलं तर एक. चुकलं तर दोन गुण वजा आणि पुढची संधी दुसऱ्या जोडीला. बक्षीस म्हणून कापसाच्या एका व्यापाऱ्यानं शिवणाचं मशीन ठेवलं होतं. हातानं फिरवायचं, काळं, सोनेरी वेलबुट्टीचं.

बेबाबाईनं ते वाचनालयाच्या खिडकीतून पाहिलं आणि दोन दिवस एकही आन्हा घातला नाही. तिसऱ्या दिवशी बोटं माझ्यापुढे धरली. सुईनं टोचून टोचून शेंडे चाळणी झालेले. "बाई, आता रात्रीचा टाका दिसत नाही. वेचणी संपली की चार महिने याच बोटांवर घर शे."

"मग नाव देऊ या," मी म्हटलं. "तू आणि मी."

"माले वाचता येत नाही."

"खुणा वाचायच्या नसतात, ऐकायच्या असतात."

आमची समोरची जोडी कोण असणार हे ठरल्यासारखंच होतं. रुपचंद वकील आणि त्यांचा मेहुणा. वकिलांच्या घरी एक मशीन आधीच होतं, त्यावर ते पानाचा डबा ठेवत. माणूस हुशार, पण घाईचा. कोर्टातसुद्धा साक्षीदाराचं वाक्य स्वतःच पुरं करायचा. मी डाव आखला. त्यांना पहिल्या खुणेवर उड्या मारू द्यायच्या आणि चुकू द्यायचं. आपण पहिल्या खुणेवर घंटीला हात लावायचाच नाही.

"आणि उत्तर आलं तर?" बेबाबाईनं विचारलं.

"तरी नाही. एक खूण थांबायचं."

तिनं मान हलवली. मला पटली नाही ती मान, पण वेळ नव्हता.

दुपारी तीनला वाचनालयाच्या अंगणात गाव जमलं. डावीकडे बायका, पुढच्याच रांगेत धुरपदाबाई मंदाला मांडीवर घेऊन. प्रश्न विचारायला धुळ्याहून एक प्राध्यापक आणलेले. आमच्या टेबलावर देवघरातली पितळी घंटी. बेबाबाईनं तिला आधी नमस्कार केला.

माझा डाव सुरुवातीला सुरेख चालला. प्राध्यापकांनी खूण वाचली, "मी कामावर असतो तेव्हा घरी कोणी नसतं."

वकिलांची घंटी वाजलीच. "गडी!"

"चूक. दुसरी खूण. माझी बायको दुसऱ्याच्या कमरेला असते."

अंगण हसलं. बेबाबाईनं शांतपणे घंटी वाजवली. "कुलूप."

"वा! बरोबर."

"वकीलसाहेब," बायकांतून कोणीतरी ओरडलं, "गडी ठेवायच्या आधी कुलूप घ्या हो!"

पण पुढे राजधान्या आल्या, शोध आले, नद्या आल्या, आणि तिथे बेबाबाईचा इलाज नव्हता. माझाही फारसा नव्हता, खरं सांगते. शेवटच्या प्रश्नाला वकिलांची जोडी तीन गुणांनी पुढे होती. म्हणजे पहिल्याच खुणेवर बरोबर आलं तरच, किंवा फार तर दुसऱ्या खुणेवर, मशीन आमचं. तिसरीवर बरोबरी, त्यापुढे मशीन गेलं. माझा डाव आता माझ्याच गळ्यात आला होता, हे माझ्या ध्यानात येतंय तोवर प्राध्यापक वाचायला लागले.

"त्याला सगळं ठाऊक होतं, पण कोणी विचारल्याशिवाय सांगायची त्याला मनाई होती."

घंटी वाजली. आमची! बेबाबाईचा हात घंटीवर होता, चेहरा उजळलेला. आणि मग मी तो चेहरा विझताना पाहिला. हात पुढे गेला होता आणि तोंड मागे राहिलं होतं.

"बोला बाई," प्राध्यापक म्हणाले. "दहा आकडे मोजतो. एक... दोन..."

नियम असा की घंटी वाजल्यावर जोडीनं आपसात बोलायचं नाही, पण दोघींपैकी कोणीही उत्तर देऊ शकते. बेबाबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि गळ्यातले काळे मणी बोटानं धरले. एकदा, दोनदा. मग कुंकवाला हात लावला. मला कळलं. उत्तर म्हणजे तिच्या नवऱ्याचंच नाव. मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मला त्याचं नाव माहीत नव्हतं. वर्षभर मी त्या उंबऱ्यात बसले, तिचा चहा प्याले, तिचे आन्हे वहीत उतरवून घेतले, आणि त्या माणसाचं नाव एकदाही विचारलं नव्हतं. तर्कशास्त्र!

"सहा... सात..."

"मंदाना बाप!" बेबाबाई ओरडली.

मग अंगणभर हशा उसळला, पण तो चेष्टेचा नव्हता. गावाला नाव ठाऊक होतं, म्हणून गावाला उत्तरही कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त धुळ्याच्या प्राध्यापकांना. आणि मला.

"कोणाचे वडील?" ते गोंधळले. "बाई, मला नाव हवं. आठ..."

"मंदाना बाप," बेबाबाई पुन्हा म्हणाली, आता रडवेली. "तोच शे, साहेब. बठ्ठा गावले म्हाईत शे."

वकिलांचा हात त्यांच्या घंटीवर जाऊन बसला होता. त्यांना उत्तर येत नव्हतं, पण ते पारोळ्याचेच, आता आलं होतं. दहा झाले की त्यांनी नाव घ्यायचं आणि मशीन पानाच्या डब्यासाठी न्यायचं.

"नऊ..."

पुढच्या रांगेत धुरपदाबाई उठली. मंदाला खाली ठेवलं, पदर सारखा केला.

"आजीबाई, श्रोत्यांनी उत्तर सांगायचं नाही," प्राध्यापक घाईनं म्हणाले.

"मी उत्तर नही सांगस," म्हातारी म्हणाली. "मी मना आंडोरनं नाव सांगस. मी ठेवेल शे ते. ती कशी लेई?"

आंडोर म्हणजे मुलगा, लेई म्हणजे घेईल. म्हातारीनं श्वास घेतला. सहा वर्षं ते नाव तिनं दाताखाली धरलं होतं.

"सहदेव," ती म्हणाली. आणि मग कोणी विचारलं नव्हतं तरी पुन्हा, अगदी हळू, "मना सहदेव."

खाली बसली आणि मंदाला घट्ट धरलं.

रुपचंद वकील उभे राहिले. हरकत घेणार नाहीत तर ते वकील कसले! उत्तर वेळेत आलं नाही, आलं ते बाहेरून आलं, सबब संधी त्यांची. मुद्दे चोख होते. प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला.

"वकीलसाहेब, एकच विचारतो. या बाई 'मंदाचा बाप' म्हणाल्या, तेव्हा आजीबाई बोलायच्या आधी, तुम्हाला उत्तर कळलं होतं का?"

वकिलांनी मेहुण्याकडे पाहिलं. पुढच्या रांगेकडे पाहिलं. घाईचा माणूस होता, खोटा नव्हता.

"कळलं होतं," ते म्हणाले.

"मग ते दिलं गेलं होतं. पांडवांतला सहदेव, बरोबर. पाच गुण."

मशीन बैलगाडीतून घरी नेलं. वाटभर मी बेबाबाईला झापत होते, की पहिल्या खुणेवर घंटी वाजवायची नाही असं ठरलं होतं ना? ती म्हणाली, "बाई, तुमचं ऐकलं असतं तर दुसऱ्या खुणेवर वकीलसाहेबांनी आधी वाजवली असती."

लोक मला पुढचं विचारतात, म्हणून सांगते. सहदेव परत आला नाही. मी पारोळ्यात होते तोवर तरी नाही, आणि नंतरही आल्याचं कोणी कळवलं नाही. पण त्या घरात त्याचं नाव मात्र परत आलं. जेवताना धुरपदाबाई मध्येच म्हणायची, सहदेवला हे वांगं आवडायचं, सहदेव असाच पाणी सांडायचा. बेबाबाई तिचं "मंदाना बाप"च म्हणायची, पण ऐकताना हातातलं काम थांबवायची.

मशीन हातानं फिरवायचं. एका हातानं मूठ फिरवली की कपडा सरकवायला एकच हात उरतो, आणि बेबाबाईला दोन्ही हात लागायचे. म्हणून मूठ धुरपदाबाई फिरवायची. दोघी समोरासमोर, मध्ये ते काळं मशीन. सून म्हणायची, "हळू, आत्याबाई!" आणि सासू म्हणायची, "तू कपडा सांभाळ."

त्यावर शिवलेलं पहिलं पोलकं माझं. म्हातारीनं मूठ जोरात फिरवली आणि डाव्या बाहीची शिवण पार वाकडी गेली. बेबाबाई उसवून देते म्हणाली. मी दिलं नाही. आता ते माझ्या अंगाला होत नाही, पण ट्रंकेत आहे, वाकड्या बाहीसकट.