उडायला शिकवणाऱ्या बाई

लष्कराच्या त्या हेलिकॉप्टर शाळेत सगळ्यांनी त्यांना हुद्द्याप्रमाणे 'मॅडम' म्हणायला हवं होतं. पण एक पोरगा पहिल्याच उड्डाणात इतका गांगरला, की लहानपणीच्या सवयीने त्याच्या तोंडून "बाई, चुकलं" असं निघून गेलं. त्यात रेडिओचं बटण दाबलेलं राहिलं होतं, त्यामुळे ते सगळ्या टॉवरने ऐकलं. त्या दिवसापासून त्या बाई झाल्या, त्या झाल्याच. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. "मॅडम काय, कुणीही होतं," त्या म्हणायच्या. "बाई व्हायला शिकवता यावं लागतं."

त्यांची आई कपडे शिवायची. दुकान म्हणजे एकच खोली, खिडकीशी कापायचं टेबल, भिंतीला लागून दोन मशिनी. बाई तिथेच वाढल्या. लष्कराने हेलिकॉप्टरसाठी मुली घ्यायला सुरुवात केली नि त्यांची निवड झाली, तेव्हा आईने तोंडातल्या टाचण्या काढून एवढंच विचारलं, "ते चालवायला ताकद लागते, की हात?"

"हात लागतो म्हणतात."

"मग जा," आई म्हणाली, नि टाचण्या पुन्हा तोंडात धरून कामाला लागली.

शाळेत बाईंच्या वाट्याला आले मास्तर. एक जुनं खोड. शिकवणं म्हणजे ओरडणं, अशी त्यांची सरळ समजूत. शिकायचं ते हेलिकॉप्टरही त्यांच्यासारखंच जुनं, काचेच्या फुग्यासारख्या नाकाचं, दोघांना जेमतेम पुरणारं. ते जमिनीपासून हातभर वर एका जागी तरंगत ठेवायचं, हा पहिला धडा. ऐकायला सोपा. डाव्या हातातला दांडा उचलला की मशीन वर जायचं, पण त्याच वेळी त्याच दांड्याची मूठ पिळून इंजिनाला जोर द्यावा लागायचा. जोर दिला की नाक एकीकडे वळायचं, ते पायांनी सावरायचं. पाय हलले की उजव्या हातातली स्टिक बिनसायची. एक धरावं तर दुसरं सुटायचं. मास्तर घडी घातलेला नकाशा बाईंच्या हेल्मेटवर हाणायचे नि म्हणायचे, "पोरी, हे मैदान फुटबॉलच्या मैदानाएवढं आहे. निदान त्याच्या आत राहा."

कित्येक दिवस बाईंचं मशीन दावं तोडलेल्या वासरासारखं उधळत राहिलं. मग एका सकाळी ते थांबलं. नक्की काय केलं ते त्यांना पुढेही कधी सांगता आलं नाही. प्रत्येक गोष्ट वेगवेगळी करायचं त्यांनी सोडून दिलं होतं, एवढंच. मास्तर ओरडले नाहीत. नकाशाही उठला नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "खाली टेकव." बाईंनी टेकवलं. मास्तरांनी पट्टा सोडला, बुडाखालची उशी काखेत मारली नि गवतात उतरले.

"मी नाही म्हणून मशीन हलकं होईल, नि एका अंगाला कलेल," ते पंख्याच्या आवाजावर ओरडून म्हणाले. "ते तुला घाबरवायला नाही कलत, वजन कमी झालं म्हणून कलतं. जा, एक चक्कर मारून ये."

बाई चक्कर मारून आल्या. मास्तर उशीवर बसून चहा पीत होते. "बरं होतं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक कुणी ऐकलं नव्हतं.

मास्तरांची आणखी एक खोड होती. हवेत असताना न सांगता ते इंजिनाची मूठ बंद करायचे. "इंजिन गेलं. आता?" मग मशीन खाली घसरवत ठेवायचं, खालून येणाऱ्या वाऱ्यावर पंखा फिरता ठेवायचा, नि शेवटच्या घटकेला दांडा ओढून गवतावर टेकायचं. खरंखुरं, इंजिनाशिवाय. यात शिकणाऱ्याची छाती तयार व्हायची, नि अधूनमधून एखादं मशीनही कायमचं निकामी व्हायचं. तेव्हा त्याला शिकण्याची किंमत म्हणत.

वर्षं गेली. बाई स्वतः शिकवू लागल्या. नवी मशिनं आली, त्यांचं इंजिन आपला वेग आपणच सांभाळायचं, मूठ पिळायची गरज उरली नाही. अंधारात दिसायचे चष्मे आले, ते लावले की सगळं जग हिरवं नि सपाट व्हायचं. घड्याळासारख्या काट्यांच्या जागी वेग नि उंची दाखवणारे पडदे आले. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणायचं, आता पोरांना उडवता येणार नाही. प्रत्येक वेळी पोरं उडवत राहिली.

मग आला सिम्युलेटर. एका उंच शेडमध्ये, यंत्राच्या सहा पायांवर उभी असलेली पांढरी खोली. आत खऱ्यासारखी कॉकपिट, बाहेर पडद्यावर डोंगर, ढग, धावपट्टी. त्याच वर्षी बाईंनी शाळेतल्या उड्डाणांचा सगळा हिशोब तपासला नि वरिष्ठांना स्पष्ट सांगितलं: इंजिन बंद पडल्यामुळे जेवढी मशिनं मोडली, त्याहून जास्त इंजिन बंद करायचा सराव करताना मोडली आहेत. हा सराव जमिनीला टेकेपर्यंत करायचा तो सिम्युलेटरमध्येच. खऱ्या मशीनमध्ये नाही. वरिष्ठांनी मान्य केलं.

ही बातमी निवृत्त मास्तरांच्या कानावर गेली, नि दुसऱ्याच दिवशी ते बाईंच्या दारात हजर.

"पोरांना कापसात ठेवायचं ठरवलंयस म्हणे?"

"बसा सर. चहा घेणार?"

"चहा नंतर. आधी तुझं ते खेळणं दाखव."

बाईंनी त्यांना आत बसवलं नि स्वतः शेजारी बसल्या. मास्तरांनी मशीन उचललं नि लगेच आपटलं. पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. "बुडाला काही कळतच नाही," ते कुरकुरले. बाई म्हणाल्या, "खरं आहे. बूड इथे शिकत नाही. म्हणून पहिले धडे मी अजून बाहेर मैदानातच देते. पण बाहेर देता येत नाही असाही एक धडा आहे. देऊ?"

मास्तरांनी मान हलवली. त्यांचा हात जरा बसल्यावर बाईंनी उंचीवर नेऊन, चांगल्या वेगात असताना, नाक सरळ धरणारा शेपटीचा पंखा बंद केला.

मशीनचं नाक गर्रकन फिरलं. डोंगर पडद्यावरून भिंगरीसारखे गेले नि कोसळल्याची खूण म्हणून सगळा पडदा लाल झाला. मास्तरांनी स्टिक सोडली नाही. बाईंना कारण ठाऊक होतं. मास्तरांचा जोडीदार, त्यांच्याच तुकडीतला, शेपटीचा पंखा गेल्यामुळेच कोसळला होता. त्यानंतर मास्तर दर तुकडीला तो बिघाड फळ्यावर काढून समजावायचे: जोर कमी करा, वेग सोडू नका, इंजिन बंद करून घसरत या. खडूने यापलीकडे काय शिकवता येणार? सराव करायचा तर मरायचीच तयारी हवी.

"परत दे," मास्तर म्हणाले.

बाईंनी दिलं. परत कोसळले. परत. कपाळावरचा घाम त्यांनी बाहीने पुसला. पुढच्या खेपेला त्यांनी दांडा वेळेत खाली केला, नाक अर्धं फिरून थांबलं, मशीन वाकडंतिकडं का होईना पण उडत राहिलं. त्यांनी ते धावपट्टीवर घासत आणून थांबवलं. पडदा लाल झाला नाही.

मास्तरांनी आता कुठे स्टिक सोडली. मग म्हणाले, "त्याला हे दोनदा करायला मिळालं असतं ना..." वाक्य तिथेच राहिलं. बाईंनी ते पुरं करायला लावलं नाही.

चहा घेताना ते म्हणाले, "आठवड्यातून एकदा येत जाईन. पोरांना बिघाड द्यायला माणूस हवा की नको?"

"ओरडायचं नाही पण."

"बघू," मास्तर म्हणाले.

त्या वर्षीच्या तुकडीत एक पोरगा होता, बटण्या. सिम्युलेटरमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बटणांवर बोटं अशी चालायची की बघत राहावं, म्हणून हे नाव. पण खऱ्या मशीनमध्ये वारा सुटला की गडी लाकडासारखा ताठ. बाईंनी दोन उड्डाणं बघितली, तिसऱ्याला घरून जाडसर कापडाचे तुकडे आणले नि समोरचे आकड्यांचे सगळे पडदे झाकून टाकले.

"बाई, मग वेग कशावरून ओळखू?"

"बाहेर गवत आहे. ते किती भराभर पळतंय बघ. कानाने पंखा ऐक. वारा कुठून येतोय ते झाडं सांगतील."

"आणि चुकलं तर?"

"तर मी आहे. पण हात मी तुझ्या आधी लावणार नाही."

बटण्या चुकला, सावरला, पुन्हा चुकला. आठवडाभराने त्याचे खांदे खाली आले. पडदे झाकलेले असतानाच तो वाऱ्यात एका जागी तरंगला. खाली आल्यावर कापडं घडी करून त्यांनी पिशवीत घातली.

पुढे बटण्या दूरच्या तळावर गेला. दोन वर्षांनी एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज साधा होता. "बाई, शेपटीचा पंखा गेला. खाली शेत होतं, त्यात उतरवलं. मशीनचे पाय मोडले. आम्ही चौघं ठीक आहोत."

बाई खुर्चीत बसल्या. "वारा होता?"

"होता. आडवा. मला तो आधी जाणवला, बाई. बाकी हातांनीच केलं."

त्यांनी मास्तरांना फोन लावला नि सगळं सांगितलं. मास्तरांनी ते पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं.

"पाय मोडले म्हणतेस ना? म्हणजे शेवटी घाई केली त्याने. सांग त्याला."

"सांगते, सर."

"आणि बरं होतं म्हणावं."

बाईंनी तसंच कळवलं. मग हेल्मेट उचलून त्या मैदानाकडे निघाल्या. नवी तुकडी उन्हात रांगेत उभी होती नि कुणालाच अजून एका जागी तरंगता येत नव्हतं.